वस्त्रं कोणी द्यायची? : नागपूरकर भोसल्यांच्या वारसातंट्यांविषयी



शाळेच्या पुस्तकात नागपूरच्या राज्याचा शेवट एका वाक्यात उरकलेला असतो : तिसरे रघूजी भोसले 11 डिसेंबर 1853 रोजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. तारीख बरोबर, माणसंही बरोबर. पण हे वाक्य वाचून असं वाटतं, की गादीला कोणी वालीच उरला नव्हता आणि रिकाम्या जागी कंपनी सरकार येऊन बसलं. नागपूरकर भोसल्यांच्या घरात वारसांची टंचाई कधीच नव्हती. उलट दर पिढीला दोन-दोन, तीन-तीन दावेदार तलवार उपसून उभे. टंचाई होती ती त्यांच्यातला एक ठरवण्याच्या घरच्या रीतीची. ती नव्हती म्हणून प्रत्येक वेळी निवाडा बाहेरून आणावा लागला, आणि निवाडा देणाऱ्याने प्रत्येक वेळी आपली दक्षिणा वाजवून घेतली. शंभर वर्षांत ती दक्षिणा राज्याएवढी झाली. आज मला मांडायचंय ते एवढंच.

सुरुवात पहिल्या रघूजींपासून करू. या कर्तबगार पुरुषाची पहिली दौलत वारसाच्या भांडणातूनच आली. सेनासाहेबसुभा हा किताब शाहू छत्रपतींनी भोसल्यांना दिलेला. तो रघूजींचे चुलते कान्होजी यांच्याकडे होता. कान्होजींना मूल नव्हतं, तेव्हा त्यांनी पुतण्याला मुलासारखं वाढवलं. मग कान्होजींना मुलगा झाला, आणि पुतण्या परका झाला. आपल्याकडे हे घरोघरी घडतं, फक्त घरोघरी फौज नसते. रघूजी बाहेर पडले, देवगडच्या गोंड राजाकडे राहिले, एलिचपूरच्या नवाबाकडे राहिले आणि शेवटी शाहूंच्या पदरी गेले. कान्होजींचं आणि साताऱ्याचं बिनसलं, तेव्हा शाहूंनी त्यांना पकडायला पुतण्यालाच पाठवलं. वणीजवळ मंदर इथे कान्होजी हाती लागले आणि पुढे साताऱ्याच्या कैदेत वारले. किताब रघूजींना मिळाला. म्हणजे नागपूरकर शाखेच्या मुळाशी वडिलोपार्जित हक्क असा नाहीच. आहे ती धन्याची मर्जी आणि सनद.

नागपूर मिळालं तेही तसंच. बख्त बुलंदाने वसवलेलं आणि चांद सुलतानने कोट बांधून वाढवलेलं हे शहर देवगडच्या गोंडांचं. चांद सुलतान वारल्यावर बख्त बुलंदाचा अनौरस मुलगा वली शाह गादीवर बसला. चांद सुलतानची विधवा राणी रतनकुंवर हिला आपल्या मुलांचा हक्क जाताना दिसला. तिने रघूजींना हाक दिली. ते आले, वली शाहला हटवलं, बुरहान शाह आणि अकबर शाह या दोन राजपुत्रांना गादी मिळवून दिली आणि राणीने त्यांना तिसरा मुलगा मानून राज्याचा तिसरा हिस्सा दिला, असं सांगतात. मग त्या दोन भावांचं बिनसलं. रघूजींनी बुरहान शाहची बाजू घेतली, अकबर शाह हैदराबादकडे निघून गेला आणि 1743 च्या सुमारास रघूजींनी नागपुरात ठाण मांडलं ते कायमचं. पंच म्हणून आलेला माणूस घरधनी झाला.

एवढं मात्र त्यांच्या बाजूने म्हटलं पाहिजे, की त्यांनी गोंड राजाला संपवलं नाही. त्याचा इतमाम राखला, उत्पन्नातला हिस्सा त्याला पोचवला, महसुलाच्या काही कागदांवर त्याचा शिक्का चालू ठेवला, आणि भोसल्यांचा नवा राजा गादीवर बसताना कपाळी टिळा लावायचा मान गोंड राजाचा ठेवला. माझ्या मते हा केवळ दिलदारपणा नव्हता. आपला हक्क कुठून आला हे रघूजी पक्कं ओळखून होते. ज्याच्याकडून दौलत घेतली त्याच्याच हातचा टिळा कपाळी असला की कोणाला तोंड उघडता येत नाही.

14 फेब्रुवारी 1755 रोजी रघूजी वारले. मागे चार मुलगे. जानोजी सर्वांत वडील, पण धाकट्या राणीचे. साबाजीही त्यांचेच सख्खे. मुधोजी वयाने लहान, पण थोरल्या राणीचे, आणि बिंबाजी त्यांचे सख्खे. आता वडीलकी वयाने मोजायची की आईच्या मानाने? दोन्हीला आधार सापडतो, दोन्हीला कारभारी सापडतात आणि दोन्हीला पुण्यात वकील सापडतात. जानोजींनी पेशव्यांना 7 लाखांचा नजराणा कबूल केला. जानोजींना सेनासाहेबसुभा, मुधोजींना चांदा आणि सेनाधुरंधर हा नवा किताब, बिंबाजींना छत्तीसगड, साबाजींना दारव्हा, अशी वाटणी झाली. वाटणी गोड दिसते. पण बारकाईने पाहा : सेनाधुरंधर हा किताब देऊन पेशव्यांनी एका घरात दोन मानकरी उभे केले, दोघांच्याही नाड्या पुण्याच्या हातात. किताबाची वस्त्रं जानोजींच्या अंगावर रीतसर पडायला पानिपत होऊन जावं लागलं, तोवर सहा वर्षं भाऊ एकमेकांवर चालून जात राहिले.

हा पेच एकट्या नागपूरच्या वाट्याला आला असं नाही. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रितनी नावाची डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, होती. तिथला ड्यूक तिसरा जाँ 30 एप्रिल 1341 रोजी वारला. तीन लग्नं झाली, मूल नाही. मागे दोन दावे. एक त्याच्या मेलेल्या सख्ख्या भावाची मुलगी, झान द पाँतिएव्र, तिचा नवरा शार्ल द ब्लूआ. दुसरा बापाच्या दुसऱ्या बायकोचा मुलगा, सावत्र भाऊ जाँ द माँफोर. सख्ख्याची मुलगी की सावत्र मुलगा? आपल्या वाड्यातलाच प्रश्न, फक्त माणसं वेगळी. तंटा फ्रान्सच्या राजापुढे गेला. निवाडा 7 सप्टेंबर 1341 रोजी कॉन्फ्लाँ इथे शार्लच्या बाजूने झाला, आणि शार्ल हा त्या राजाचा सख्खा भाचा होता हे मुद्दाम सांगायला नको. मग माँफोरने इंग्लंडच्या राजाचा हात धरला. पुढची तेवीस वर्षं ब्रितनीच्या गावांवरून फ्रेंच आणि इंग्रज फौजा येत-जात राहिल्या. माँफोर कैदेत असताना 1342 मध्ये त्याच्या बायकोने, झान द फ्लांद्र हिने, एनबाँचा वेढा झुंजवला. 29 सप्टेंबर 1364 रोजी ओरेच्या लढाईत शार्ल पडला तेव्हा कुठे निकाल लागला.

पण ब्रितनीकरांनी त्यानंतर एक शहाणपण केलं, आणि मी आज इतक्या लांबचं उदाहरण आणलं ते त्याच्यासाठी. 12 एप्रिल 1365 रोजी गेरांद इथे तह झाला. झानने डची सोडली, तिला पाँतिएव्रची जहागीर ठेवली, तहहयात डचेस म्हणवून घ्यायची मुभा दिली, आणि पुढे गादी कोणत्या क्रमाने चालायची हे कागदावर उतरलं. या घराण्यांना लिहिण्याची सवय जुनी होती. 1185 मध्येच जॉफ्रे नावाच्या त्यांच्या ड्यूकने सरदारांना जमवून ठराव केला होता, की सरंजाम तुकड्यांत वाटायचा नाही, थोरल्याने घ्यायचा आणि धाकट्यांची सोय लावायची. गेरांदच्या तहावर ब्रितनी आणखी सव्वाशे वर्षं आपल्या पायावर उभी राहिली. शेवट तिचाही व्हायचा तोच झाला. 1480 मध्ये फ्रान्सच्या अकराव्या लुईने पाँतिएव्रच्या वारसदारणीकडून तो जुना, हरलेला हक्क पैसे मोजून विकत घेतला. 1488 मध्ये शेवटचा ड्यूक फक्त मुली मागे ठेवून वारला, आणि थोरल्या मुलीला, अॅनला, 1491 मध्ये फ्रान्सच्या राजाशी लग्न करावं लागलं. हरलेल्या भाऊबंदाचं जुनं दप्तरसुद्धा धन्याला उपयोगी पडतं, हे ध्यानात ठेवून आपण पुन्हा नागपूरला येऊ.

जानोजींना मूल नव्हतं. मुधोजींचा मुलगा रघूजी दत्तक घ्यायचं ठरलं. भांडण मिटवायला याहून चांगली युक्ती नव्हती. पण या दत्तकाला संमती हवी होती पुण्याची. माधवराव पेशवे थेऊरला शेवटच्या दुखण्यात होते. जानोजी तिथे जाऊन संमती घेऊन परत निघाले आणि मे 1772 मध्ये वाटेतच वारले. त्यानंतर नागपूरच्या गादीचा काटा पुण्याच्या हवेप्रमाणे फिरत राहिला. जानोजींच्या विधवा दर्याबाई साबाजींकडे झुकल्या. नारायणराव पेशव्यांनी साबाजींना मान्यता दिली. नारायणरावांचा खून झाला, राघोबादादांनी मुधोजींना दिली. राघोबांविरुद्ध बारभाई उभे राहिले, तसे साबाजी पुन्हा वर आले. बारकाईने पाहिलं तर पुण्यातही तेव्हा भाऊबंदकीच चालू होती. एका घरच्या तंट्याचा निवाडा दुसऱ्या घरचे तंटेखोर करत होते.

शेवट 26 जानेवारी 1775 रोजी नागपूरच्या दक्षिणेला पाचगावला झाला. लढाई साबाजींनी जवळजवळ जिंकलेली. मुधोजी घेरले गेले होते. साबाजी हत्तीवरून भावाच्या हत्तीपर्यंत गेले, आता शरण या म्हणायला. मुधोजींनी पिस्तूल झाडलं आणि साबाजी हौद्यातच गेले. पंधरा-वीस वर्षांचा तंटा एका गोळीने मिटला. पुण्याने मुधोजींचा कारभार निमूट मान्य केला, कारण आता मान्य करायला दुसरा कोणी उरलाच नव्हता. आपल्या बखरींना आणि नाटकांना नारायणरावाचा खून पुरेपूर पुरला. पाचगावची गोळी मात्र विदर्भाबाहेर कोणाला फारशी ठाऊक नाही. जाता जाता नोंदवून ठेवतो.

मुधोजींच्या त्या दत्तक दिलेल्या मुलाची, म्हणजे दुसऱ्या रघूजींची, कारकीर्द मोठी. 1803 मध्ये इंग्रजांकडून अडगावला हार, गाविलगड पडला, 17 डिसेंबरला देवगावचा तह, कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. एवढं होऊनही या माणसाने तैनाती फौज मात्र पदरात घेतली नाही. इंग्रज वकील येत राहिले, समजावत राहिले, आणि रघूजी मरेपर्यंत टाळत राहिले. 22 मार्च 1816 रोजी ते वारले. त्यांचा औरस मुलगा परसोजी शरीराने आणि मनाने पंगू. रघूजींचा दासीपुत्र धर्माजी याने जामदारखाना आणि राजा दोन्ही ताब्यात घेतले. दुसऱ्या बाजूला रघूजींच्या धाकट्या भावाचे, व्यंकोजींचे चिरंजीव मुधोजी, म्हणजे आपले आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी धर्माजीला कैद करवलं, पुढे त्याला मारण्यात आलं, आणि ते परसोजीच्या नावाने कारभारी झाले. पण वाड्यात आपले शत्रू आहेत ही धास्ती काही जाईना. ती धास्ती घालवायला त्यांनी आधार शोधला तो रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सचा. 1816 च्या मे महिन्यात तैनाती फौजेच्या तहावर सह्या झाल्या.

इथे थोडं थांबा. वेलस्लीच्या तोफांनी जे रघूजींकडून निघालं नाही, ते दोन महिन्यांत घरच्या धास्तीने निघालं. नागपूर सीताबर्डीच्या टेकडीवर हरलं असं आपण म्हणतो. माझ्या मते नागपूर त्या मे महिन्यात, वाड्याच्या आत हरलं.

1 फेब्रुवारी 1817 रोजी परसोजी बिछान्यात मेलेला आढळला. गळा दाबून मारल्याचं पुढे बाहेर आलं. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला होते, आणि एवढं लांब असणं फारच सोयीचं होतं. यातलं दुर्दैव असं, की परसोजीनंतर गादी त्यांचीच होती. जवळचा दुसरा पुरुष वारस नव्हता. जे थांबलं तरी मिळणार होतं, ते मिळवायला खून पडला. भाऊबंदकीचा हा गुण आहे : धीर धरण्याची ताकदच ती खाऊन टाकते.

मग ती वस्त्रांची गोष्ट. आप्पासाहेब राजे झाले, तरी सेनासाहेबसुभ्याची वस्त्रं पुण्याहून यायची होती. ती आली तेव्हा बाजीराव पेशवे इंग्रजांशी उघड लढाईत उतरले होते. खडकीची लढाई होऊन गेली होती. जेंकिन्सने बजावलं, की ही वस्त्रं घेणं म्हणजे आमच्या शत्रूशी हात मिळवणं. 24 नोव्हेंबर 1817 रोजी आप्पासाहेब आपल्या छावणीत गेले आणि सगळ्या लष्करासमोर त्यांनी वस्त्रं आणि किताब घेतला. दोन दिवसांनी सीताबर्डीला तोफा सुरू झाल्या. तैनाती फौज जेंकिन्सची, सनद बाजीरावाची, आणि राजा दोघांच्या मध्ये उभा. कोणत्या धन्याकडून गादी घ्यायची हा ज्याच्यापुढे प्रश्न आहे, तो माणूस गादीचा धनी कसला? आप्पासाहेबांना देशभक्त म्हणणारे आहेत, खुनी म्हणणारे आहेत. मला ते शेवटचे नागपूरकर वाटतात, ज्यांनी जुनी रीत पाळून नवी लढाई लढायचा यत्न केला. ते हरले, इंग्रजांच्या कैदेत पडले, मे 1818 मध्ये त्या कैदेतून निसटले, आणि 1840 मध्ये जोधपूरला वारले.

जून 1818 मध्ये जेंकिन्सने गादीवर बसवला तो दुसऱ्या रघूजींचा नातू, मुलीचा मुलगा. परसोजीच्या विधवेच्या मांडीवर दत्तक देऊन त्याचं नाव तिसरा रघूजी ठेवलं. राजा लहान, म्हणून वाड्याची सूत्रं दुसऱ्या रघूजींच्या विधवा बाकाबाईंकडे आणि दौलतीची जेंकिन्सकडे. या दत्तविधानाची तीन वैशिष्ट्यं लक्षात ठेवा. दत्तक घेतला विधवेने. घेतला नवरा गेल्यावर. आणि मुलगा आला मुलीच्या वंशातून. कंपनी सरकारला त्या दिवशी यातलं काहीही खटकलं नाही.

आता 1853. तिसरे रघूजी वारले तेव्हा त्यांना मूलही नव्हतं आणि त्यांनी दत्तकही घेतला नव्हता. रेसिडेंट मॅन्सेलने हा विषय त्यांच्याकडे काढला होता, ते टाळत राहिले. त्यांना हलगर्जी म्हणणारे म्हणोत. ज्या घरात कान्होजींचा दत्तकासारखा पुतण्या त्यांनाच पकडायला आला, ज्या घरात भावाने भावावर पिस्तूल झाडलं, जिथे राजा बिछान्यात गुदमरला, त्या घरात आपल्या हयातीत वारस उभा करायला छाती लागते.

राजा गेल्यावर अहिरराव घराण्यातला, नात्यातलाच यशवंतराव हा मुलगा पुढे आला. उत्तरक्रिया त्याने केली. राण्यांनी त्याला दत्तक घेऊन जानोजी नाव ठेवलं. आपल्याकडचं धर्मशास्त्र याला आडवं येत नव्हतं. नीळकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखाला मानणाऱ्या महाराष्ट्रात, नवऱ्याने स्पष्ट मनाई केलेली नसेल तर विधवेला त्याच्या आज्ञेवाचून दत्तक घेता येत असे. बंगालच्या शास्त्रात ते चालत नसे, आपल्याकडे चालत असे. मॅन्सेलचं मत राज्य राखावं असं होतं. कौन्सिलमधल्या कर्नल लो यांनी खालसा करण्याविरुद्ध लांबलचक टिपण लिहिलं. पण 28 जानेवारी 1854 च्या डलहौसीच्या टिपणात सरळ लिहिलंय, की राजाने दत्तक घेतला नाही, राणीने घेतलेला आम्ही मानायला बांधलेले नाही, आणि 1818 मध्ये हे राज्य आम्हीच दिलं होतं. मग पुढे हिशेब : 80,000 चौरस मैल मुलूख, 40 लाखांचा वसूल, 40 लाखांवर रयत. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा विषयही होताच.

डलहौसीच्या तिसऱ्या मुद्द्याला आपले इतिहासकार लबाडी म्हणतात. आहेच. पण ती लबाडी त्याला करता आली, कारण शंभर वर्षं या घराने स्वतःच तो नियम चालवला होता. ज्याने वस्त्रं द्यायची, त्यालाच नाकारायचाही अधिकार. साताऱ्याने दिली, पुण्याने दिली, जेंकिन्सने दिली. आता देणाऱ्याने हात मागे घेतला. फरक एवढाच, की शाहूला किंवा पेशव्याला नजराणा पुरत असे. या पंचाला स्वतःलाच वारस व्हायचं होतं. आणि अपील कुठे करणार? ज्या साताऱ्याच्या गादीने किताब दिला होता, ती त्याच्या आधी पाच वर्षं त्याच न्यायाने खालसा झाली होती.

पुढे जे झालं ते नागपूरकरांना ठाऊक आहे. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात गेले, मातीमोल. जवाहीर कलकत्त्याला विकलं गेलं. बाकाबाईंनी विरोध केला, वकील पाठवले. काही चाललं नाही. मग 1857 च्या जून महिन्यात नागपुरात उठावाची हवा झाली, तेव्हा याच बाकाबाईंनी आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध उठू दिलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण काळी मारबत गल्लीबोळांतून फिरवतो आणि गावाबाहेर जाळतो, ती बाकाबाईंची, असं लोक मानतात. 1881 पासूनची ही रीत.

मला या बाबतीत लोकांशी थोडं भांडायचं आहे. वाड्यातल्या पुरुषांनी चार पिढ्या एकमेकांचे गळे धरले, पेशव्यांना बोलावलं, जेंकिन्सला बोलावलं, त्यांची मारबत कोणी काढत नाही. पंचाहत्तरीकडे झुकलेली एक विधवा, जिच्या हातात फौज नाही, खजिना नाही, फक्त एका दत्तक पोराचा हक्क टिकवायचा आहे, तिने आप्पासाहेबांनी 1816 साली जे केलं, तेच केलं. शिक्का ज्याच्या हातात, त्याच्या बाजूला उभी राहिली. तिचा हिशेब एवढाच असावा, की आज साथ दिली तर उद्या पोराचा दत्तक मान्य होईल. 1858 मध्ये ती वारली. हिशेब काही अगदीच चुकला नाही. कॅनिंगच्या सरकारने थोड्याच वर्षांत जानोजीचा दत्तक मान्य केला, त्याला राजाबहादूर म्हटलं, आणि नाव जोडलं ते नागपूरचं नव्हे, तर साताऱ्याकडच्या देऊर गावचं, जिथे या भोसल्यांचं वतन होतं.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी या मान्यतेचा नीट विचार करावा. राणीने घेतलेला दत्तक आता वैध असेल, तर तो घेतला त्या दिवशीही वैध होता. मग डिसेंबर 1853 मध्ये गादी रिकामी नव्हती. सरकारने मुलगा मान्य केला आणि वारसा अमान्य ठेवला, आणि या दोन निर्णयांत विसंगती आहे असं कलकत्त्यात कोणाला वाटल्याचं दिसत नाही. 1861 मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं. तीन वर्षांनी महालातला काळ्या दगडाचा राजवाडा जळाला. नगारखान्याचा दरवाजा तेवढा वाचला.

 शंका असतील तर विचाराव्यात, विशेषतः बाकाबाईंविषयी.